काढायचे किती

जगनाडे चौकात माझं रेडियमचं दुकान.
पाटीवर अजून 'हेडाऊ अँड सन्स'.
सन्स कोणीच नव्हते. मी होते.
बाबांनी पाटी आधी रंगवली, वाट नंतर पाहिली.

तो शब्द माझ्याकडे पहिल्यांदा आणला
प्रणोती निमजेनं.
लाल स्कूटी, हप्ते चालू असलेली,
हिंगण्याच्या एमआयडीसीत पॅनेल वायरिंगचं काम
नुकतंच स्वतःच्या नावावर घेतलेलं,
नखात तांब्याच्या तारेचा बारीक तुकडा.
"बॉसबाई लिही. कळमन्याच्या ट्रकवाल्याला
मागून वाचता आलं पाहिजे."
मैत्रिणी फोनवर तिच्या प्रत्येक फोटोखाली
हेच लिहायच्या, पुढे आगीच्या तीन ज्वाळा.

बॉ अवघड असतो.
चंद्राच्या टोकाशी ब्लेड अडकतं.
दोनदा फाटला, तिसऱ्यांदा जमला.
ऐंशी रुपये.
त्या दिवाळीत मी तो इतक्यांदा कापला
की डोळे मिटूनही जमायला लागला:
नर्स, विम्याच्या एजंट, पार्लरच्या मालकिणी,
एक ट्रॅफिक हवालदारीण, तिनं मात्र
डिकीच्या आतल्या बाजूला लावून घेतला.

मग एक पोट्टं आलं, तोंडात खर्रा.
तोच शब्द पाहिजे म्हणे,
"पण आजूबाजूला अवतरणं लाव जी."
काहून?
"असंच. मजा येते."

चार इवले स्वल्पविराम.
उरल्यासुरल्या तुकड्यातून निघाले.
त्यांचे पैसे मी घेतले नाहीत.
चुकलंच ते माझं.

कारण मग रांगच लागली.
'बॉसबाईचा ड्रायव्हर'.
'अंतर ठेवा, बॉसबाई शिकते आहे'.
अक्षर तेच, माप तेच, ब्लेड तेच,
फक्त म्हणताना लोक आता
'बाई'वर जरा जास्त रेंगाळत.

माझ्या आईला शाळेत शहाणी म्हणायचे,
एकोणतीसचा पाढा न अडखळता यायचा म्हणून.
सासरी तोच शब्द आला,
पुढे 'मोठी' लावून.
आली मोठी शहाणी.
त्याला वीस वर्षं तरी लागली.
आणि बाई?
फळ्यापुढे उभी ती बाई,
'आज बाई आली नाही' म्हणून
सिंकमध्ये भांडी पडून राहतात, तीही बाई.
एकाच शब्दात खडू आणि खरकटं.
मी तो रोज कापते
आणि मला आत्ता सुचतंय.

प्रणोती परत आली मे महिन्यात, भर दुपारी.
तीन महिन्यांचं बिल थकलेलं.
मागायला गेली की स्टोअरकीपर आत ओरडतो,
"अबे बसा बसा, बॉसबाई रागावल्या!"
आणि अख्खं ऑफिस हसतं,
ज्यांना बिल माहीतसुद्धा नाही तेही.
पैसे मागितले, विनोद मिळाला.
"काढून टाक," म्हणाली.

ड्रायर लावायची गरज नव्हती,
नागपूरचं ऊन होतं.
नखानं कोपरा उचलला,
अख्खी ओळ सालीसारखी सुटून आली.

आणि खाली?
स्कूटीचा लाल रंग दोन उन्हाळ्यांत
पार विटकरी झालेला, धुवून धुवून फिका,
फक्त अक्षरांच्या जागी
शोरूममधली लाली तशीच्या तशी.
बॉ. स. बा. ई.
चंद्राचं टोकसुद्धा.

ती वाकून बघत राहिली.
"हे तर आणखीच उठून दिसतं, गं."
हसली की काय केलं,
हेल्मेटमुळे समजलं नाही.
मग पर्स उघडली.
"काढायचे किती?"

मी बोटांना चिकटलेला गोंद रॉकेलनं पुसत होते.
लावायचे ऐंशी घेतले होते, मी म्हटलं.
काढलं कुठं अजून.